बुटक्या गाडीला बाजूला घेण्याआधी

प्रति,
कोल्हापुरात नाकाबंदीला उभे राहणारे अधिकारी, रस्ते आणि स्पीडब्रेकर करणारे अभियंते, आणि चौकात उभ्याउभ्या निकाल देणारे समस्त कोल्हापूरकर

स.न.वि.वि.

आम्ही या शहरात स्पोर्ट्स कार बाळगणारे आणि त्या दुरुस्त करणारे लोक आहोत. काहींची गाडी स्वतःची, काहींच्या हाताला फक्त तिचं ऑइल लागतं. पत्र जाहीर लिहितोय, कारण तक्रार एका खात्यापुरती नाही.

शहरात एक पद्धत हळूहळू रुळत चालली आहे. नाकाबंदीत काळ्या काचांची मोठी एसयूव्ही आरामात निघून जाते आणि बुटकी, दोन दारांची, रुंद टायरची गाडी दिसली की हात आडवा होतो. लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी सगळं चालू निघालं की शेवटी उरतो आवाज. "आवाज लई हाय" म्हणून पावती फाडली जाते. आवाज मोजला कशाने? कानाने. तोवर भोवती जमलेल्या मंडळींचा निकालही लागलेला असतो: बापाचा पैसा, दोन नंबरचा धंदा, नाहीतर पुढाऱ्याचं पोर.

आमचं म्हणणं एवढंच की गाडीच्या आकारावरून चालवणाऱ्याचा स्वभाव कळत नाही. लोक ज्याला माज समजतात त्यातलं निम्मं त्या यंत्राची गरज असते. आणि खरा माज असतो तिथे तो कायद्याने, मोजून पकडता येतो.

आधी अवघड विषय. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत मोटारसायकलवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता असा आरोप आहे. तेव्हापासून बुटक्या गाडीकडे बघायची लोकांची नजर बदलली, आणि त्या रागाबद्दल आमचं काहीही म्हणणं नाही. पण ती गाडी टायकान होती, बॅटरीवर चालणारी. तिला सायलेन्सरच नसतो. तिची कायमची नोंदणीही झालेली नव्हती. म्हणजे तिथे तपासायला हवं होतं ते वय, दारू आणि कागद. आवाज ऐकून गाड्या अडवणाऱ्या नाकाबंदीतून ती बिनबोभाट निघून गेली असती. अल्पवयीनाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ खाली २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते. हे कलम पहिल्यांदा आमच्यासारख्यांच्या गाड्यांना लावा. त्यासाठी रोज रात्री अडवलंत तरी चालेल.

आता आवाजाचं.

सकाळी सातला गल्लीत स्पोर्ट्स कार सुरू झाली की पहिला अर्धा-एक मिनिट ती गुरगुरते. शेजारचे म्हणतात, रेस करून दाखवतोय. त्याचा पाय अॅक्सिलरेटरवर नसतोच. एक्झॉस्टचा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गॅरेजच्या भाषेत कॅट, साधारण २५० ते ३०० अंश तापल्याशिवाय काम करत नाही. तो लवकर तापावा म्हणून कॉम्प्युटर स्वतःच आरपीएम १२०० ते १५०० वर धरतो आणि ठिणगी उशिरा टाकतो, म्हणजे गरम वायू एक्झॉस्टमध्ये जातो. बऱ्याच गाड्यांत त्या वेळी सायलेन्सरमधली झडप उघडी असते. कॅट तापला की आरपीएम ७००-८०० वर उतरतात आणि आवाज बसतो. प्रदूषण कमी व्हावं म्हणून केलेली ही सोय आहे. लोकांच्या कानी मात्र ती मस्ती म्हणून पडते.

मालकांनीही इथे थोडं शहाणपण दाखवावं. झडपेचं बटण असेल तर ते बंद ठेवावं. गाडी रात्रीच तोंड बाहेर करून लावावी, म्हणजे सकाळी मागे-पुढे करत बसावं लागत नाही. सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात हलक्या पायाने निघावं. उभ्या गाडीला रेस देऊन ती 'गरम' करायची जुनी सवय या इंजिनांना अपायकारकच आहे, कारण थंड घट्ट ऑइल वरपर्यंत पोचायच्या आत बेअरिंगवर भार येतो.

कारखान्यातून आलेला आवाज आणि सायलेन्सर फाडून आणलेला आवाज यांतला फरक पाच मिनिटांत कळतो. असा बघा:

१. इग्निशन चालू करा, इंजिन नको. 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर गेला पाहिजे. दिवा लागतच नसेल तर कोणीतरी तो मारला आहे. लागून राहत असेल तर गाडीच्या कॉम्प्युटरमधली नोंद वाचणारा ओबीडी स्कॅनर लावा. कोड पी०४२० आला तर कॅट काम करत नाही किंवा काढून टाकलेला आहे.

२. टॉर्च घेऊन खाली वाका. मूळ सायलेन्सरवर कंपनीचा शिक्का आणि पार्ट नंबर असतो, वेल्डिंग मशीनने केलेलं, एकसारखं असतं. हाताने मारलेलं गाठीगाठीचं वेल्डिंग, मध्येच सरळ पाइप, कॅटच्या जागी रिकामी नळी दिसली की विषय संपला.

३. कॅटच्या आधी एक आणि नंतर एक असे ऑक्सिजन सेन्सर असतात. नंतरचा सेन्सर नसेल किंवा त्याच्याखाली लांबट अॅडॅप्टर घातलेला असेल तर कॉम्प्युटरला फसवलंय.

४. पीयूसीचा कागद नुसता बघू नका, शंका आली तर समोर पुन्हा करायला लावा. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाडीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आत लागतो. कॅट नसलेली गाडी प्रामाणिक मशीनवर तो आकडा सहसा देत नाही.

यात सापडला तर सोडू नका. गाडीत बेकायदा बदल केल्याबद्दल कलम १८२ अ (४) मध्ये प्रत्येक बदलाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. आवाज-प्रदूषणाची मर्यादा मोडल्याबद्दल कलम १९० (२) मध्ये १० हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स बाद. फाडलेले सायलेन्सर रोडरोलरखाली घालतात त्यालाही आमच्या टाळ्या आहेत, मग तो बुलेटचा असो नाहीतर इटालियन गाडीचा.

आणि मोजायचाच असेल तर मीटरने मोजा, पण पद्धतीने. इथे एक चूक नेहमी होते. प्रवासी कारला ७४ डेसिबलची मर्यादा आहे हे सगळ्यांना पाठ असतं. पण ती चाचणी धावत्या गाडीची आहे: गाडी ताशी ५० किलोमीटरने येते, ठरलेल्या रेषेवर पूर्ण अॅक्सिलरेटर दाबला जातो आणि मायक्रोफोन रस्त्याच्या मध्यरेषेपासून ७.५ मीटर लांब, जमिनीपासून १.२ मीटर उंच असतो. उभ्या गाडीची मोजणी वेगळी. त्यात मायक्रोफोन टेलपाइपच्या तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंशांच्या कोनात, पाइपाच्याच उंचीला, पण जमिनीपासून किमान २० सेंटिमीटर वर ठेवतात. इंजिन जास्तीत जास्त ताकद ज्या आरपीएमला देतं त्याच्या तीन चतुर्थांशावर धरून मग पाय सोडायचा. तीन मीटरच्या आत भिंत किंवा दुसरी गाडी नको, आणि आजूबाजूचा आवाज किमान १० डेसिबलने कमी हवा. अर्धा मीटर आणि साडेसात मीटर यांत पंधरा पटींचं अंतर आहे. मोकळ्या जागेत नुसत्या या अंतरानेच २३-२४ डेसिबलचा फरक पडतो. म्हणून पाइपाला मीटर लावून ९५ आकडा आला आणि तो ७४ शी ताडून पाहिला तर कारखान्यातून आलेली कोरी गाडीसुद्धा गुन्हेगार ठरेल. संध्याकाळी ताराराणी चौकात एसटी आणि रिक्षांच्या हॉर्नमध्ये तर ही मोजणी होणारच नाही, कोणी केली तरी.

खरं म्हणजे हे शहर इंजिनाला अडाणी नाही. उद्यमनगरच्या फाउंड्र्यांतून निघालेली कास्टिंग देशभरच्या गाड्यांत बसतात. तिथला जुना फिटर आवाज ऐकून टॅपेट की टायमिंग चेन ते सांगतो. हुपरी रोडच्या कार्टिंग ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धा होतात. दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते तेव्हा गर्दी आपणहून वाट करून देते. गाडीचं कौतुक करायला कोल्हापूरला शिकवावं लागत नाही. म्हणूनच ही कानाने पावती फाडायची रीत इथे जास्त खटकते.

रस्ता आणि स्पीडब्रेकर.

लोकांचा पक्का समज आहे की ही गाडी वाऱ्यासारखी पळते. शहरात ती सगळ्यांत हळू चालते. त्यामुळे मागून हॉर्न आणि वर टोमणा: "काय सावकार, पळत न्हाई व्हय?"

हिशेब साधा आहे. २४५/३५ आर १९ टायरच्या रबराची बाजू २४५ मिलिमीटर रुंदीच्या ३५ टक्के, म्हणजे सुमारे ८६ मिलिमीटर उंच असते. मोठ्या एसयूव्हीच्या २६५/६० टायरची १५९. खड्ड्याची कड लागली की एसयूव्हीचं रबर दबतं. इथे दबायला रबरच नाही, थेट रिम वाकते. वाकलेली अलॉय ठोकून सरळ होते खरी, पण तडा गेला असेल तर वेल्डिंग करून पुन्हा चालवणं धोक्याचं. त्यामुळे चालवणारा खड्डा चुकवतो, वेग कमी करतो, कडेला सरकतो. बघणाऱ्याला वाटतं, रस्ता अडवून मिरवतोय.

स्पीडब्रेकरवर गैरसमज आणखी वाढतो. गाडी तिरपी घालून एकेक चाक चढवलं की समोरची अर्धी लेन दोन-तीन सेकंद अडते. शिवी ठरलेली. तिरपी का घालतात? सरळ घातली तर एकतर पुढचा बंपर आपटतो, नाहीतर मधलं पोट टेकतं.

आता या स्पीडब्रेकरचं माप बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ मध्ये गोलाकार स्पीडब्रेकर १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला आहे, म्हणजे ताशी २५ च्या वेगाने आरामात ओलांडता येईल असा. पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटरच्या आसपास अंतर असलेली गाडी त्यावर असताना तिच्या पोटाखाली कमान फक्त साडेचार सेंटिमीटर वर येते. १०-११ सेंटिमीटर क्लिअरन्सची, म्हणजे पोट जमिनीपासून तेवढं वर असलेली गाडी सरळ, न घासता जाते. आपल्याकडे काय आहे? हाताच्या लांबीएवढी रुंद आणि वीतभर उंच काँक्रीटची भिंत. पुढची-मागची चाकं दोन्ही बाजूंना जमिनीवर आणि भिंत मधोमध पोटाखाली. त्यात क्लिअरन्स १२ असला तरी ऑइल चेंबर फुटतो. पांढरे-काळे पट्टे नाहीत, ४० मीटर अलीकडे पाटी नाही. मोटरसायकलवर मागे बसलेल्या बाईला, सीपीआर दवाखान्याला निघालेल्या रिक्षातल्या पेशंटला विचारा हे आडवे दगड कसे लागतात. हा प्रश्न श्रीमंतांच्या गाड्यांचा नाहीच. आमच्या गाड्या बुटक्या, म्हणून चूक आमच्या पोटाखाली आधी वाजते एवढंच. बाकी २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला आम्ही १३ टक्के एकरकमी कर भरतो. त्या बदल्यात पुस्तकातल्या मापाचा स्पीडब्रेकर मागणं काही जास्त नाही. टोल घालवून दाखवलेल्या शहराला रस्त्याचा हक्क कसा मागायचा ते आम्ही काय सांगावं.

टोइंगबद्दल. चुकीच्या जागी गाडी लावली तर दंड बरोबर आहे. पण क्रेनने पुढची चाकं उचलून मागची फरफटत नेऊ नका. यातल्या बऱ्याच गाड्यांना इलेक्ट्रिक हँडब्रेक असतो आणि गिअर पार्किंगमध्ये अडकलेला असतो, त्यामुळे मागची चाकं फिरत नाहीत, घासतात आणि टायर एका जागी सपाट होतो. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल आणि दोनच चाकं जमिनीवर फिरत राहिली तर मधला क्लच तापून जळतो. हुक सस्पेन्शनच्या अॅल्युमिनियम आर्मला अडकवला तर आर्म वाकतो आणि अलाइनमेंट कधी बसत नाही. बंपरवर एक छोटं झाकण असतं, त्यामागे आटे असतात. टूलकिटमधला हुक तिथे फिरवून बसवायचा आणि गाडी सपाट प्लॅटफॉर्मच्या ट्रकवर ओढून घ्यायची. तसा ट्रक नसेल तर जॅमर लावा, पावती चिकटवा. दंड तेवढाच वसूल होतो.

राहिले आपले लोक.

मोटरसायकलवरून एका हाताने मोबाईल धरून व्हिडिओ काढत "भावा, एक हाण की!" म्हणणाऱ्यांनी ऐकावं. तुम्ही गाडीच्या मागच्या कोपऱ्याला चिकटलेले असता, नेमके तिथे आम्हाला दिसत नाही. मागची काच जेमतेम हातभर आणि खांब जाड. या गाडीचे ब्रेक मोठे असतात; ती थांबते त्या अंतरात तुमची मोटरसायकल थांबत नाही. धडक मागून बसते आणि गर्दी म्हणते, मोठ्या गाडीचीच चूक. असली मागणी ऐकून खरंच हाणणारे आमच्यातही आहेत. रंकाळ्यावर संध्याकाळी पोरंबाळं फिरत असताना रेस देणाऱ्याला आमच्याकडून एका शब्दाची सहानुभूती नाही.

गाडीला टेकून फोटो काढू नका. पत्रा बऱ्याचदा अॅल्युमिनियमचा असतो, पोचा पडला की साध्या पत्र्यासारखा मागून ठोकून उठत नाही. पट्ट्याचं बक्कल आणि जीन्सचं बटण रंगात उतरतं. विचारून शेजारी उभं राहिलात तर बहुतेक मालक दार उघडून आत बसवतात.

वरातीसाठी गाडी मागितली आणि 'नाही' म्हटलं की "भाव खातोय" असं होतं. कारण गिअरबॉक्समध्ये आहे. दोन क्लचच्या ऑटोमॅटिकला ब्रेक सोडल्यावर आपोआप सरकायचा वेग ताशी पाच-सहा किलोमीटर असतो. वरात त्याहून हळू चालते, नाचणारे थांबले की गाडी थांबते. म्हणजे दोन तास क्लच अर्धवट घसरत राहतो. आधी जळका वास येतो, मग डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याची सूचना, आणि मग नवरदेव उतरून चालत मांडवात. क्लचचा खर्च ऐकून वधूपिताही दचकेल.

पैशाच्या तर्कांबद्दल एकच. दहा-बारा वर्षं वापरलेली दोन दारांची गाडी बऱ्याचदा नव्या मोठ्या एसयूव्हीपेक्षा स्वस्त पडते. महाग असतं ते सांभाळणं: सात-आठ लिटर ऑइल, रुंद टायर, परदेशातून येणारे पार्ट. आणि "ह्यांना काय कमी" म्हणून पंक्चरलाही दुप्पट रेट सांगणारे आपलेच बांधव. निदान जॅक तरी कडेच्या ठरलेल्या खुणेवरच लावा, दादा. प्लॅस्टिकच्या कव्हरवर लावला तर ते फुटतं आणि गाडी घसरते.

आमच्या मागण्या

नाकाबंदीत गाडी अडवायची ती चालवण्याच्या चुकीवरून, नाहीतर सरसकट सगळ्या. आवाजाच्या पावतीवर कलम, मीटरचा आकडा, मोजणीचं अंतर आणि मीटरच्या कॅलिब्रेशनची तारीख लिहिली जावी. मीटर नसेल तर पावती न फाडता तपासणीची लेखी तारीख द्यावी. मालक आला नाही तर मग जी कारवाई ती करावी.

नाकाबंदीला किमान एक प्रशिक्षित तपासनीस, एक ओबीडी स्कॅनर आणि टॉर्च असावा. काचांची तपासणीही मीटरनेच आणि सगळ्या गाड्यांची व्हावी: पुढची-मागची ७० टक्के, बाजूच्या ५० टक्के उजेड आत सोडतात की नाही, एवढंच बघायचं आहे. डिजिलॉकर आणि एमपरिवहनवरचे कागद कायद्याने चालतात, ते चालवून घ्यावेत.

येत्या पावसाळ्याआधी शहरातल्या स्पीडब्रेकरची मोजणी करून यादी जाहीर करावी. परवानगी नसलेले काढावेत, ठेवायचे ते आयआरसी ९९ च्या मापात करून पट्टे आणि पाट्या लावाव्यात.

टोइंगच्या ठेक्यात सपाट प्लॅटफॉर्मच्या ट्रकची अट घालावी, तोपर्यंत बुटक्या आणि चारही चाकांना ताकद असलेल्या गाड्यांना जॅमर लावावा.

अल्पवयीन आणि दारू पिऊन चालवणाऱ्यांना कसलीही सवलत नको. आमच्यापैकी कोणाच्या नावाने फोन आला तरी नको.

आवाज मोजण्याची पद्धत आणि सायलेन्सरची तपासणी प्रत्यक्ष दाखवायला आम्ही आमच्या गाड्या, एक लिफ्ट आणि स्कॅनर घेऊन तुम्ही सांगाल त्या दिवशी, सांगाल त्या मैदानावर येऊ. एक मूळ सायलेन्सरची गाडी आणि एक कापलेल्या सायलेन्सरची, दोन्ही शेजारी उभ्या करू. मीटर तुमचा आणा. तारीख कळवावी.

आपले,
कोल्हापुरातील काही स्पोर्ट्स कार मालक व मेकॅनिक